नऊच्या आत शेगडी बंद

मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, नागपूर इथे पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो आणि तो आकडा रोज बातम्यांत येतो. स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी किती अंश असतात, हे मात्र बातम्यांत येत नाही. वर पत्रा, भिंतीला एकच खिडकी, एका शेगडीवर कुकर, दुसरीवर तवा आणि पंखा लावला तर ज्योत फडफडते म्हणून तोही बंद. अशा जागी वीस पोळ्या करायच्या तर अर्धा-पाऊण तास तव्यापुढून हलता येत नाही. म्हणून विदर्भ-मराठवाड्यातल्या बायका ऊन वर यायच्या आत चूल आवरत आल्या. चुलीच्या जागी गॅस आला, तरी नऊच्या आत शेगडी बंद करण्याची त्यांची धडपड सुटलेली नाही.

उन्हाळ्यातल्या घरच्या जेवणाबद्दल बोलायला लागलं की हलकं, गार, पाणीदार हे शब्द लगेच तोंडात येतात. ते खरेच आहेत, पण त्यांत फक्त खाणाऱ्याचा विचार आहे. जे ताट जेवणाऱ्याला थंडावा देतं आणि करणारीला भट्टीपुढे उभं ठेवतं, त्याला साधं जेवण म्हणू नये. या ऋतूत प्रत्येक पदार्थाला दोन प्रश्न विचारावेत. तो शरीरात पाणी किती आणतो? आणि करणाऱ्या माणसाला ओट्यापाशी किती वेळ अडकवतो? महाराष्ट्रात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले कितीतरी उन्हाळी पदार्थ या दोन्ही प्रश्नांना पुरून उरतात. ते आज आठवायला हवेत, कारण ऊन वाढतं आहे आणि बऱ्याच घरांत उन्हाळ्याचं ताट जानेवारीच्या ताटासारखंच वाढलं जातं.

उन्हात शरीर स्वतःला थंड ठेवतं ते मुख्यतः घामाने. एक लिटर घाम अंगावरच पुरता सुकला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण घाम सुकायला हवा कोरडी लागते. नागपूरच्या उन्हात घाम कधी आला आणि कधी वाळला हेही कळत नाही. तहान जाणवेपर्यंत अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत पारा ३४-३५ वरच थांबतो, पण हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम नुसता ओघळत राहतो. पाणीही जातं आणि थंडावाही मिळत नाही. दोन्हीकडे घामाबरोबर मीठ जातं, लिटरमागे साधारण अर्ध्या ग्रॅमपासून दोन ग्रॅमपर्यंत सोडियम. दिवसभर उन्हात राबणाऱ्याची तहान नुसत्या पाण्याने भागत नाही ती यामुळे.

जेवणाचीही स्वतःची उष्णता असते. प्रथिनांतून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी वीस ते तीस टक्के ती पचवण्यातच खर्च होते आणि उष्णता होऊन बाहेर पडते. भात-भाकरीसारख्या पिष्टमय अन्नात हे प्रमाण पाच ते दहा टक्के असतं. तेल-तूप त्याहून कमी उष्णता निर्माण करतं, पण अन्नाला पोटात रेंगाळत ठेवतं. भर दुपारी तर्रीचा रस्सा आणि चार पोळ्या खाल्ल्यावर जो जडपणा येतो, त्यामागे हे सगळं मिळून असतं. म्हणून प्रथिनं सोडायची असं नाही. ती दही, ताक, मुगाची डाळ, भिजवलेले हरभरे अशा रूपात थोडी थोडी, दिवसभर वाटून घ्यायची. नागपूरचीच सावजी रश्श्याची झणझणीत परंपरा इथे कुणाला आठवेल. तिखटाने घाम फुटतो आणि कोरड्या हवेत तो सुकून क्षणभर बरंही वाटतं, हे खरं आहे. पण तो रस्सा रात्रीचा, दुपारचा नव्हे.

उन्हाळी पदार्थांतला सगळ्यांत शहाणा पदार्थ म्हणजे आंबील. रात्री ज्वारीचं पीठ ताकात कालवून झाकून ठेवायचं, एवढंच आदल्या दिवशीचं काम. दोन माणसांना अर्धी वाटी पीठ पुरतं. सकाळपर्यंत ते आंबूस होतं. मग पातेल्यात चार-पाच वाट्या पाणी मीठ घालून उकळायचं आणि एका हाताने ते कालवण ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. आठ-दहा मिनिटांत पिठाचा कच्चा वास जातो, आंबिलीला तकाकी येते आणि शेगडी बंद. गार झाली की आणखी ताक घालून सरसरीत करायची. त्यात ठेचलेला लसूण, जिऱ्याची पूड, कोथिंबीर. सोबत बुक्कीने फोडलेला कांदा असला की दुसऱ्या कशाची गरज राहत नाही. शेतावर उजाडता उजाडता निघणाऱ्या माणसाला न्याहारीला एवढं पुरतं. पोटभर पाणी, त्यात मीठ, हळूहळू लागू पडणारं धान्य आणि वर आंबट चव. ऊन चढलं की खायची इच्छा मरते, तेव्हा घास घशाखाली उतरवायला ही आंबट चवच मदत करते.

रात्रभर आंबवण्यातही नुसती चव नाही. ताकातले जीवाणू पिठातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. त्या आंबटपणात धान्यातलं फायटिक आम्ल काही प्रमाणात फुटतं. हे फायटिक आम्ल लोह आणि जस्त यांना धरून ठेवतं. ते कमी झालं की तेच लोह शरीराला जास्त मिळतं. नाचणीची आंबील केली तर कॅल्शियमची भर पडते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे १२०. हा आकडा हल्ली पाकिटांवर मोठ्या अक्षरांत छापतात, पण एका माणसाच्या वाटीत पीठ जातं पंचवीस-तीस ग्रॅम. म्हणजे आंबिलीतून मिळणारं कॅल्शियम सुमारे शंभर मिलिग्रॅम आणि त्यावर ताकातलं. तेही थोडं नाही.

आंबील फक्त उन्हाळ्याचीच आहे असंही नाही. लातूर-धाराशिवकडे ऐन थंडीत येणाऱ्या वेळा अमावास्येला शेतात जाऊन भज्जी आणि आंबील खाल्ल्याशिवाय सण होत नाही. तिचंच एक भावंड म्हणजे ताक-कण्या. ज्वारी भरडून तिच्या कण्या करायच्या, भातासारख्या मऊ शिजवायच्या आणि गार झाल्यावर ताकात कालवायच्या. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, त्यामुळे ऊन तापायच्या वेळी घरात नवं धान्य आलेलं असतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. त्याच सुमारास उन्हाळ कांदा काढणीला येतो, झाडावर कैऱ्या धरतात, कोकणात रातांबे पिकायला लागतात. या ताटासाठी बाहेरून काही आणावं लागत नाही.

भाकरी मात्र तव्यावरच होते, तिला पर्याय नाही. पण ज्वारीची भाकरी सकाळी लवकर थापून ठेवली तर रात्री ताकात कुस्करून खायला ताज्या भाकरीपेक्षा चांगली लागते. मिठाचा खडा, लसणाची चटणी, कांदा. दोन वेळचं काम एका वेळेत उरकतं, आणि संध्याकाळी तापलेल्या घरात पुन्हा तवा ठेवावा लागत नाही. गरम फुलकाच हवा हा हट्ट उन्हाळ्याचे दोन महिने बाजूला ठेवला, तर घरातल्या कुणाचंही काही अडत नाही.

डब्यात न्यायचं असेल तर दहीभातासारखा पदार्थ नाही, मात्र तो सकाळी दह्यात कालवून नेऊ नये. दुपारपर्यंत तो आंबट ढाण होतो. जाणत्या बाया वेगळी रीत वापरतात. मऊ शिजलेला भात गरम असतानाच चमच्याने घोटायचा, त्यात भाताइतकंच दूध घालायचं आणि भात कोमट झाल्यावर एक चमचा दही, मीठ, वर हिंग-जिरं-कढीपत्त्याची फोडणी. डब्यातच विरजण लागतं आणि एक वाजता झाकण उघडलं की दही नुकतंच लागलेलं, गोडसर. मुंबईत १८९० पासून डबेवाले घरचं जेवण कचेरीत पोचवत आहेत. सकाळी घरातून निघालेला डबा दुपारी उघडतो. मधले चार तास ज्या पदार्थाला बिघडवत नाहीत, उलट पुरा करतात, असा हा एक.

भाताच्या बाबतीत एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळायला हवी. तांदळात असणाऱ्या बॅसिलस सीरियस नावाच्या जीवाणूची बीजं शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ती वाढीला लागतात, आणि उलटी करवणारं त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. हिवाळ्यात रात्रभर झाकून ठेवलेला भात सकाळी फोडणीला टाकायची सवय उन्हाळ्यात चालत नाही. उरलेला भात तास-दोन तासांत थंड करून फ्रीजमध्ये ठेवावा. फ्रीज नसेल तर मोजून लावावा, उरवूच नये.

ताकाबद्दल वेगळं सांगायची गरज नाही, इतकं ते मराठी घरात मुरलेलं आहे. तरी एवढं म्हणायला हवं की पातेल्यात दही घेऊन त्यात वाटीभर पाणी ओतलं म्हणजे ताक होत नाही. दह्याच्या तिपटीने पाणी, रवीने किंवा बरणीत भरपूर घुसळणं, वर आलेलं लोणी काढणं, मग त्यात हिंग, जिरं, आलं, मीठ. विरजण लागताना दुधातली काही साखर जीवाणूंनी संपवलेली असते, त्यामुळे दूध न सोसणाऱ्या बऱ्याच जणांना ताक सोसतं. जेवणाबरोबर एक पेला आणि चारच्या सुमाराला एक पेला, एवढ्याने दुपारचं शीतपेय सहज सुटतं.

चैत्रात कैरी आली की मराठी स्वयंपाकघराचा सूर बदलतो. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघर चैत्रगौरीचं हळदीकुंकू चालतं आणि त्यात येणाऱ्या बायकांच्या हातावर आंबेडाळ, पन्हं आणि भिजवलेले हरभरे ठेवले जातात. या तीन पदार्थांकडे नीट पाहावं. हरभरे नुसते भिजवलेले. आंबेडाळीतली हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून भरड वाटलेली, कैरी किसलेली. विस्तव लागतो तो फक्त मोहरी-हिंग-हळदीच्या फोडणीपुरता, दोन मिनिटं. पन्ह्याची कैरी आदल्या रात्री उकडून ठेवलेली. पन्नास बायका घरी येणार आणि ओट्यापाशी उभं राहणं जवळपास शून्य. यजमानीण पाहुण्यांत बसू शकते. हळदीकुंकवाचा हा बेत ज्यांनी बसवला, त्यांना उन्हाळा आणि स्वयंपाकघर दोन्ही नीट कळत होतं.

पन्ह्याचा गर करणं सोपं आहे. कैऱ्या कुकरमध्ये उकडायच्या किंवा निखाऱ्यात भाजायच्या. भाजलेल्या कैरीच्या पन्ह्याला धुराचा जो वास येतो, त्याची सर उकडलेल्या कैरीला नाही. साल काढून गर कोळायचा, त्यात दीडपट गूळ, मीठ, वेलची, हवं तर केशर. हा घट्ट गर फ्रीजमध्ये आठवडाभर सहज राहतो. पेल्यात दोन-तीन चमचे गर घेऊन गार पाणी ओतलं की झालं. चिमूटभर मीठ का घालायचं, याला मोठं उत्तर आहे. आतड्यात साखर आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि त्यांच्या मागे पाणी ओढलं जातं. याच तत्त्वावर जलसंजीवनी उभी आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजून मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आणलं. पन्हं म्हणजे जलसंजीवनी नव्हे, त्यात साखर जास्त आणि मिठाचं माप सैल. जुलाब-उलट्या होत असतील तर पाकिटातलं मापाचं ओआरएसच द्यावं. पण उन्हातून आलेल्या माणसाला गुळाबरोबर चिमूटभर मीठ देणारी आजी चुकत नव्हती, हे त्यातून नक्की कळतं.

कैरीचा तक्कू तर पाच मिनिटांचा. किसलेली कैरी, किसलेला कांदा, तिखट, मीठ, गूळ, वर फोडणी. भाजी न करता भाकरी संपवायची ताकद त्याच्यात आहे. मेथांबा, कायरस हे त्याचे शिजवलेले सोबती. एकदा केले की दोन-तीन दिवस ताटाची डावी बाजू सांभाळतात.

सह्याद्री उतरून खाली गेलं की आंबटपणाची जागा कोकम घेतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ ही जात काढली आहे. तरी बहुतेक घरांची भिस्त अजून परसातल्या जुन्या झाडांवर असते. एप्रिल-मेमध्ये रातांबे पिकतात. सालं वेगळी करून ती फळाच्याच खारवलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवली की आमसुलं होतात. मीठ घालून टिकवलेला रस म्हणजे आगळ, आणि साखरेत मुरवलेलं ते अमृत कोकम. पाऊस लवकर आला की ही सगळी घाई होते, कारण ओल्या हवेत आमसूल वाळत नाही, बुरशी धरतं.

सोलकढी आता मुंबई-पुण्याच्या प्रत्येक मालवणी खानावळीत मिळते, पण घरची सोलकढी वेगळीच. नारळाचं ताजं दूध, आगळ, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर; विस्तवाला हात लावायचा नाही. फक्त नारळाचं दूध उन्हाळ्यात काही तासांतच नासतं, म्हणून सोलकढी जेवायच्या आधी करावी आणि त्याच जेवणात संपवावी. नारळ खवायला वेळ नसेल तर तिवळ करावी: नारळाशिवाय, नुसतं आगळ, पाणी, जिरं, मिरची, कोथिंबीर. घामाने चिकचिकलेल्या दुपारी ती सोलकढीपेक्षाही बरी वाटते.

आणि पेज. कोकणात आणि गोव्यात सकाळी दहा-अकराला उकड्या तांदळाची पेज घेण्याची सवय अजून आहे. भाताचं पाणी टाकून न देता त्याच्यासकट प्यायची. तोंडी लावायला कैरीचं खारं लोणचं, भाजलेला पापड किंवा विस्तवावर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा. तांदूळ सालासकट उकडताना सालाजवळची ब जीवनसत्त्वं दाण्यात आत शिरतात, त्यामुळे नंतर सडलं तरी ती पांढऱ्या तांदळापेक्षा जास्त टिकतात. लोणच्या-बांगड्यातून मीठ, पेजेतून पाणी, तांदळातून ताकद. न्याहारीला ब्रेड-बटर घेणाऱ्याला हे मागासलेलं वाटत असेल, तर त्याने एकदा मे महिन्यातल्या दमट सकाळी पेज पिऊन पाहावी.

उन्हाळ्याची सगळी जेवणं अशी हलकी नसतात, हेही सांगायला हवं. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाण्याने भरलेली घागर पुजतात, तिच्यावर डांगर ठेवतात, पितरांना आमरस दाखवतात. पितरांना दिल्याशिवाय आंबा खायचा नाही, हा नियम बरीच घरं अजून पाळतात. त्या दिवशी खापरावरच्या मोठाल्या पुरणपोळ्या होतात आणि विस्तवापुढे बसणाऱ्या बाईची परीक्षा पाहतात. सणाचा दिवस सणासारखाच व्हावा. अडचण एवढीच, की आमरस-पुरीचा बेत बऱ्याच घरांत आंबा संपेपर्यंत दर रविवारी होतो, आणि तो दुपारी एक वाजता, ऐन उन्हात, कढईभर उकळत्या तेलापुढे उभं राहून. आमरसाला पुरीच लागते असं नाही. सकाळी केलेल्या मऊ पोळ्या, वर चिमूटभर सुंठ आणि चमचाभर तूप; रस तोच, चव तीच.

मग वाळवणांचं काय? कुरडया, पापड, सांडगे, खारवड्या, खानदेशातल्या ज्वारीच्या बिबड्या, ताकातल्या मिरच्या हे सगळं कडक उन्हातच करावं लागतं आणि ते जीवघेणं काम आहे. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळायचे, सत्त्व खाली बसू द्यायचं आणि मग तो चीक जाड बुडाच्या पातेल्यात दंड दुखेपर्यंत घोटायचा. म्हणून ही कामं गल्लीतल्या पाच-सहा घरांनी मिळून, पहाटे चारला उठून, ऊन चढायच्या आत करायची रीत पडली. मुलांना त्यातून वाटीभर गरम चीक मिळे, दूध-साखर घालून किंवा तेल-मीठ घालून, आणि पापडाच्या लाट्या तेलात बुडवून. आता सगळ्यांना ते जमत नाही आणि जमायलाच हवं असंही नाही. गावोगावचे महिला बचत गट चांगली वाळवणं करून विकतात; ती विकत घेण्यात कुणाच्या हाताची चव कमी होत नाही. तळलेल्या दोन सांडगी मिरच्या दहीभाताशेजारी आल्या की जेवण कसं खुलतं, हे ज्याने अनुभवलं आहे त्याला वेगळं सांगायला नको. मीठ मात्र त्यांत बरंच असतं, म्हणून दोनच.

भाज्यांचा विचारही याच अंगाने करावा. काकडीत ९५ टक्के पाणी असतं आणि ती शिजवावी लागत नाही. काकडी चोचवून, दाण्याचं कूट आणि लिंबू घालून, वर फोडणी दिली की खमंग काकडी झाली. दुधी, दोडका, पडवळ, तांबडा भोपळा पंधरा मिनिटांत शिजतात. भोपळ्याच्या उकडलेल्या फोडी दह्यात कालवल्या की गारेगार भरीत होतं. कलिंगडाचा लाल भाग खाऊन झाल्यावर पांढरा भाग फेकून द्यायची घाई करू नये. किसून थालिपिठात घालावा किंवा चिरून मुगाची डाळ घालून भाजी करावी. बाजारात दुर्लक्षित राहणारी एक पालेभाजी म्हणजे घोळ. जाडसर, आंबूस पानांची ही भाजी उन्हातही तगून राहते आणि पालेभाज्यांत क्वचित सापडणारी ओमेगा-३ स्निग्धाम्लं तिच्यात चांगल्या प्रमाणात असतात. घोळीत ऑक्झॅलेट बरंच असतं, पण आपल्याकडे ती ताक घालून पातळ करतात आणि ताकातलं कॅल्शियम त्या ऑक्झॅलेटला पोटातच बांधून टाकतं. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी तरी बेतानेच खावी.

पाणी माठातलं असावं. मातीच्या छिद्रांतून झिरपणारं पाणी वाळताना आतल्या पाण्याची उष्णता ओढून नेतं, घाम शरीराला थंड करतो त्याच न्यायाने. म्हणून कोरड्या सोलापुरात माठ जेवढा गार होतो, तेवढा दमट मुंबईत होत नाही. त्यात वाळ्याची जुडी टाकली की पाण्याला मातीबरोबर मुळांचाही वास लागतो.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत या ऋतूबद्दल स्वतंत्र विचार आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सहाव्या अध्यायात ग्रीष्मासाठी गोड, थंड, पातळ, स्निग्ध अन्न सांगितलं आहे आणि साखर घातलेला गार मंथ, म्हणजे सातू कालवून केलेलं पेय, प्यायला सांगितलं आहे. आपल्याकडचं सातूचं पीठ याच घराण्यातलं: गहू आणि डाळं भाजून दळलेलं, गूळ-वेलची घालून दुधात किंवा पाण्यात कालवलेलं. एकदा दळून आणलं की महिनाभर विस्तव नको. मात्र त्याच ग्रंथात आंबट, खारट, तिखट कमी करायलाही सांगितलं आहे, आणि सुश्रुताने तर उन्हाळ्यात ताक वर्ज्य मानलं आहे. मराठी घरांनी हे काही ऐकलं नाही. घाम गाळणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात ताक, मीठ आणि कांदा हवाच होता, आणि घामाबद्दल आज जे माहीत आहे ते पाहता त्या घरांची निवड चुकीची वाटत नाही. दिवसभर वातानुकूलित खोलीत बसणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला जादा मिठाची गरज नाही, आणि रक्तदाब असेल तर पापड, लोणचं, खारवलेल्या मिरच्या मोजूनच खायला हव्यात. मधुमेह असलेल्यांनी अमृत कोकम आणि गोड पन्ह्याऐवजी तिवळ किंवा ताक घ्यावं. कांदा खिशात ठेवल्याने ऊन लागत नाही हा समज मात्र सोडून द्यायला हवा; कांदा ताटातच बरा. आणि कुणी बरळायला लागलं, अंग तापलं, शुद्ध हरपली तर पन्हं-कांद्यात वेळ घालवू नये. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावं, वारा घालावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

हे सगळं जमवायला वेगळं सामान लागत नाही, रात्रीचा अर्धा तास लागतो. रात्री जेवणं झाली की पीठ ताकात भिजवायचं, दुधाला विरजण लावायचं, कैऱ्या उकडून ठेवायच्या, डाळ भिजत घालायची. यातलं एकही काम असं नाही की जे घरातला पुरुष किंवा बारा वर्षांचं मूल करू शकत नाही. काकडी चोचवणं, कैरी किसणं, ताक घुसळणं, माठ भरणं ही तर मुलांच्या सुट्टीतली हक्काची कामं व्हावीत. सकाळी मग भाकरी किंवा पोळ्या, एक भाजी, भाताचा कुकर आणि आंबील एवढंच शेगडीवर उरतं. सातला सुरुवात केली आणि कामं वाटून घेतली, तर आठ-सव्वाआठला ओटा पुसून होतो. दुपारी शेगडी पेटवायचीच नाही. रात्री मुगाची मऊ खिचडी आणि कढी, किंवा सकाळचीच भाकरी ताकात. ज्या घरात असं चालतं तिथे स्वयंपाक करणारी बाईसुद्धा सगळ्यांबरोबर ताटावर बसते आणि तिलाही भूक लागलेली असते.